फिर्याद नोंदवल्यानंतर

खुनाच्या जागेचा पंचनामा चतुःसीमेपासून सुरू होतो. पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस पडीक घर, उत्तरेस विहीर, दक्षिणेस अमक्याचे शेत. मग मयताचे डोके कोणत्या दिशेला, चप्पल किती अंतरावर, रक्ताचा डाग केवढा, तो ओला की वाळलेला. हे सारे दोन पंचांसमक्ष लिहायचे. वाचणाऱ्याला ही भाषा रुक्ष वाटते, पण चार-पाच वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा ती जागा न्यायालयापुढे जिवंत होते ती याच रुक्षपणामुळे. विहीर उत्तरेऐवजी दक्षिणेला लिहिली गेली असेल, तर बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत बाकी काही विचारत नाही, त्या विहिरीवरच अर्धा तास काढतो.

पंच मिळवणे ही तपासी अंमलदाराची पहिली डोकेदुखी. गावातला माणूस सही करतो आणि खटल्याच्या वेळी ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ म्हणून फितूर होतो. त्यावर उतारा म्हणून राज्य सरकारने गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घ्यायला सुरुवात केली. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक या कामाला मनापासून कंटाळतात. तो कंटाळा समजण्यासारखा आहे, पण फितुरीपेक्षा कंटाळा परवडला.

मग मुद्देमाल. रक्ताने भिजलेला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की आतल्या आत कुजतो आणि डीएनए नष्ट होतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा, वर पंचांच्या सह्यांचे लेबल, त्यावर लाखेचे सील. मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला नोंद करून एक हवालदार ते पाकीट हातोहात न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेतो. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला. नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी विभागीय. तिथे आधी सील शाबूत आहे का ते पाहतात. वाटेत पाकीट कोणाच्या ताब्यात होते याचा दुवा एका ठिकाणी तुटला, तरी उत्तम अहवाल कुचकामी ठरतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात भर घातली. झडती-जप्तीचे चित्रीकरण आले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, मात्र त्याची तारीख ठरवायला राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे. पण तज्ज्ञ यायच्या आधी जागा राखायची कोणी? बीटवरच्या अंमलदाराने. गर्दी तोच हटवतो, नाहीतर त्याच्याच डोळ्यांदेखत सरपंचापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे त्या डागावरून चालून जातात.

वस्तूंची एवढी काळजी घेणारी ही यंत्रणा माणसाच्या बाबतीत मात्र फार उशिरा जागी झाली. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. आरोपी होते ठाण्यातलेच दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद तेव्हाची. पीडितेचे नाव छापायला बंदीही तेव्हाचीच.

कायदा बदलला तरी वैद्यकीय तपासणी जुनीच राहिली. २०१० मध्ये सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दर्जाची लक्तरे काढणारा अहवाल लिहिला आणि प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने नागपूर खंडपीठापुढे गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये आली. मुलीला पूर्वी शरीरसंबंधांची सवय होती का, हे सांगू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ त्यांत निषिद्ध ठरली. तरीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती थांबवा म्हणून पुन्हा बजावावे लागले. आता गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला डॉक्टरांकडे पाठवायचे असते, जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो.

या सगळ्यात महाराष्ट्राने एक गोष्ट वेळेआधी केली, तिचे श्रेय मात्र फारसे मिळाले नाही. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. खुर्ची पोलिसांच्या इमारतीत, बसणारी मात्र प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. मार खाऊन आलेल्या बाईला आधी पाणी, मग डॉक्टर, मग तक्रार कशी लिहायची ते. आणि आज तक्रार नको असेल तर तिच्यामागे तगादा नाही. हा नमुना पुढे राज्यभर आणि राज्याबाहेरही गेला. नागपूर पोलिसांनी २०१७ मध्ये भरोसा सेल सुरू केला. समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एका छपराखाली आणायची ही कल्पना त्याच वाटेवरची.

पैशाची बाजू मनोधैर्य योजनेची. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ल्यातील पीडितांसाठी ती २०१३ मध्ये आली. पुढे मदतीची मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली आणि निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आला. उपचार मात्र कोणत्याही रुग्णालयाने, खासगी असले तरी, तातडीने आणि फुकट द्यायचे आहेत. नकार देणे हा गुन्हा आहे.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. जो उपनिरीक्षक खुनाचा तपास करतो, तोच गणपतीत विसर्जन मार्गावर उभा असतो आणि तोच मंत्र्यांच्या दौऱ्यात. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात २००६ मध्येच सांगितले होते. नव्या संहितेप्रमाणे तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायचे आहे. बंदोबस्तातून मोकळा न झालेला अधिकारी ते कळवील ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणून विचारण्याचे काम आपल्याकडे येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर झिरो एफआयआर घ्यायला सांगा. आणि ९० दिवस उलटूनही निरोप आला नाही, तर गुन्हा रजिस्टर नंबर लिहून पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या.