उपहास आणि आशावाद

१७५५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे सर्व संतांचा सण होता. सकाळच्या उपासनेसाठी शहरातील प्रार्थनामंदिरे माणसांनी भरून गेली होती आणि नेमक्या त्याच वेळी धरणीकंप झाला. मंदिरांची छपरे भाविकांच्या अंगावर कोसळली. जे जीव वाचवून नदीकाठी धावले त्यांना समुद्राच्या लाटांनी गाठले. मागून पेटलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे मेली. त्यांत पापी किती व पुण्यवान किती याचा हिशेब निसर्गाने ठेवला नव्हता. परमेश्वर दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर मग हे का घडावे, हा जुनाच प्रश्न युरोपातील विचारवंतांपुढे नव्या उग्रतेने उभा राहिला.

या प्रश्नाला त्या काळी एक तयार उत्तर होते. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ याने १७१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, ईश्वराने निर्माण केलेले हे जग संभाव्य अशा सर्व जगांत उत्तम होय. त्यात दुःख आहे हे खरे; पण ते दुःख काढून टाकले तर एकंदरीने याहून अधिक चांगले जग उरणार नाही. इंग्रज कवी पोप यानेही पुढे दोन तपांच्या आत याच जातीचा विचार पद्यात मांडला. मूळ सिद्धांत सूक्ष्म होता आणि तो मांडणारा माणूसही लहान नव्हता. परंतु दिवाणखान्यांतून फिरता फिरता त्या सिद्धांताचे एक सोपे सुभाषित झाले. देव करतो ते भल्यासाठीच, असे आपल्याकडे म्हणतात ना, तसे. स्वतःच्या दुःखात हे वाक्य उच्चारणाऱ्याला त्यातून धीर मिळतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून ते उच्चारले की त्याचा अर्थ पालटतो. मग ते हातावर हात ठेवून बसण्याचा परवाना बनते.

हा फरक ज्याने अचूक हेरला तो फ्रेंच लेखक म्हणजे व्हॉल्टेअर. १६९४ साली पॅरिस येथे जन्मलेल्या या माणसाने तरुणपणीच आपल्या लेखणीपायी बॅस्तीय तुरुंगाचा अनुभव घेतला होता. पुढे इंग्लंडात काही वर्षे काढून त्याने तेथील विचारस्वातंत्र्य व पंथापंथांतील सहिष्णुता डोळ्यांनी पाहिली होती. लिस्बनच्या संहारावर त्याने प्रथम एक दीर्घ काव्य लिहिले. परंतु विलापाने जे साधले नाही ते हास्याने साधेल, अशी त्याची खात्री झाली असावी. १७५९ साली ‘कांदीद’ नावाची एक छोटी कादंबरी लेखकाच्या नावाशिवाय बाहेर पडली. ती कोणा जर्मन डॉक्टरच्या लिखाणाचे भाषांतर आहे असा बहाणा मुखपृष्ठावर केलेला होता. जिनीव्हाच्या अधिकाऱ्यांनी पुस्तक जाळण्याचा हुकूम दिला. वाचकांनी मात्र त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती संपविल्या.

कथेचा नायक कांदीद हा भोळा तरुण आहे. त्याचे गुरू पँग्लॉस. नाक चष्म्यासाठीच घडविलेले आहे, आणि म्हणूनच तर आपण चष्मे वापरतो, अशा धाटणीचे त्यांचे तर्कशास्त्र! जगात जे आहे ते उत्तमच आहे, हे त्यांचे ब्रीद. लेखक या गुरुशिष्यांना एकामागून एक संकटांत लोटतो. युद्ध, रोग, जहाजफुटी, धरणीकंप यांतून ते जातात, आणि प्रत्येक वेळी पँग्लॉसमहाशय जखमा बांधता बांधता आपला सिद्धांत पुन्हा सिद्ध करून दाखवितात. घटना जितकी भीषण तितके स्पष्टीकरण अधिक नीटनेटके. उपहासाचे मर्म येथेच आहे. लेखक सिद्धांताचे खंडन करीत बसत नाही. तो सिद्धांताला केवळ बोलू देतो, आणि त्याच्या शेजारी एक जखमी माणूस आणून ठेवतो.

धर्मसंस्थेवरील टीकाही त्याने याच रीतीने केली. लिस्बनचा धरणीकंप ओसरल्यावर त्या कथेतील पंडितसभा असा निर्णय देते की, काही माणसांना समारंभपूर्वक मंद आचेवर जाळले असता पुन्हा धरणीकंप होत नाही. त्याप्रमाणे विधी पार पडतो, कांदीदला फटके बसतात, पँग्लॉसला फाशी दिले जाते, आणि त्याच दिवशी धरणी पुन्हा हादरते. यात ईश्वराची निंदा कोठेही नाही. व्हॉल्टेअर निरीश्वरवादी नव्हता. विश्वाचा कोणी कर्ता आहे असे तो मानीत असे. त्याचा रोष होता तो त्या कर्त्याच्या नावाने छळ करणाऱ्या मध्यस्थांवर. हा रोष त्याने कृतीतही उतरविला. १७६२ साली तूलूझ शहरात जाँ कालास नावाच्या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, कॅथॉलिक होऊ पाहणाऱ्या स्वतःच्या मुलाचा खून केल्याच्या खोट्या आरोपावरून हालहाल करून मारण्यात आले. व्हॉल्टेअरने तीन वर्षे चळवळ करून १७६५ साली तो निवाडा रद्द करविला. स्वतः व्हॉल्टेअर पूर्वग्रहांपासून मुक्त होता असे मात्र नव्हे. ज्यू लोकांविषयी त्याने जे लिहिले ते त्याच्याच सहिष्णुतेच्या कसोटीला उतरत नाही. उपहासकाराचा आरसा बहुधा बाहेरच रोखलेला असतो, हे लक्षात ठेवणे बरे.

या पुस्तकातील सर्वांत गंभीर प्रसंग मात्र धरणीकंपाचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम येथे कांदीदला रस्त्याच्या कडेला एक गुलाम पडलेला दिसतो. उसाच्या चरकात बोट सापडले म्हणून त्याचा हात तोडला आहे. पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून पाय तोडला आहे. तो शांतपणे सांगतो की, युरोपातल्या लोकांना साखर मिळते ती या किमतीत. या ठिकाणी हास्य थांबते. कांदीदच्या डोळ्यांत पाणी येते आणि गुरूच्या सिद्धांतावरची त्याची श्रद्धा प्रथमच उघडपणे डळमळते. धरणीकंपाचा दोष कोणाला देता येत नाही. चरक मात्र माणसांनी उभारलेला असतो, आणि त्यातली साखर कोणीतरी चाखीत असते. सर्व काही ठीक आहे असे म्हणणाऱ्याला उपहासकार एकच प्रश्न विचारतो: ठीक आहे ते कोणासाठी, आणि कोणाच्या खर्चाने?

महाराष्ट्राला उपहास नवा नव्हता. एकनाथांच्या भारुडांत आणि तुकोबांच्या अभंगांत दांभिकांची खरडपट्टी भरपूर आहे. परंतु संतांचा रोख ढोंगी माणसावर होता. समाजाची घडीच अन्यायाची आहे व ती ईश्वराने नव्हे तर माणसांनी घातलेली आहे, असे सांगणारा उपहास मराठीत एकोणिसाव्या शतकात आला. त्यामागे एक थेट दुवा आहे. व्हॉल्टेअरच्या नंतरच्या पिढीतील, त्याच बुद्धिवादी प्रवाहातला लेखक टॉमस पेन याचे मानवी हक्कांवरील पुस्तक पुण्यातील एका विशीच्या तरुणाने १८४७ च्या सुमारास वाचले. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

१८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्याचे कथानक साधे आहे. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर असते. दारी आलेला जोशी ग्रह वाकडे असल्याचे सांगून त्या दोघांच्या मनात भीती भरतो आणि ग्रहशांतीसाठी अनुष्ठान व ब्राह्मणभोजन यांचा खर्च त्यांच्या माथी मारतो. ज्यांच्या घरात खायला नाही ते कर्ज काढून दुसऱ्यांना जेवू घालतात. या साऱ्या व्यवहारावर विदूषक मधून मधून टीका करीत असतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असे व आपल्या खादाडपणाने हसवी. जोतीरावांनी त्याला गरिबाच्या बाजूने उभे केले. पँग्लॉस आणि जोशी यांचे काम एकाच जातीचे आहे: दुःखाचे कारण आकाशात दाखवायचे, म्हणजे ते जमिनीवर कोणी शोधू नये. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. तिने ते स्वीकारले नाही. ते छापून निघण्यास १९७९ साल उजाडावे लागले. पुढे १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त त्यांनी धोंडीबाशी संवाद या रूपाने अवतारकथांची कठोर तपासणी केली. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. सुरीनामच्या त्या गुलामाचा प्रश्न पुण्यास असा पोहोचला होता. व्हॉल्टेअरप्रमाणेच जोतीरावही ईश्वर नाकारीत नाहीत. ‘निर्मीक’ म्हणून त्याला ते मानतात, पण त्याच्या व माणसाच्या मध्ये दलाल नको म्हणतात.

विदर्भाने या परंपरेला वेगळे, अधिक खेळकर वळण दिले. १८७१ साली नागपुरात जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखमालेत सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट निर्माण केले. हे तिघे जुन्या रूढींचे कट्टर अभिमानी. आणि ते रूढीचा बचाव इतक्या उत्साहाने करतात की त्या बचावातच रूढी उघडी पडते. कोल्हटकर स्वतः ज्योतिर्गणिताचे अभ्यासक होते. ग्रहांच्या गती मांडणे निराळे आणि ग्रहांचे भय घालणे निराळे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांच्या हास्याला जोतीरावांच्या हास्याची धग नाही. घरातल्या माणसाने घरातल्यांना काढलेले ते चिमटे आहेत. जोतीरावांचा विदूषक मात्र अंगणात, दाराबाहेर उभा राहून बोलतो. दोघांचीही गरज असते. पण दार उघडावयास लागते ते बाहेरच्याच्या हाकेमुळे.

आशावाद मात्र एकदा हसून घालविला म्हणजे कायमचा गेला असे होत नाही. तो रूप पालटून येतो. अठराव्या शतकात तो ईश्वरी योजनेचे नाव घेत होता, विसाव्या शतकात तो प्रगतीचे नाव घेऊ लागला. मध्य भारतातील भिलई हे याचे उत्तम उदाहरण होय. १९५५ सालच्या करारान्वये सोव्हिएत रशियाच्या साह्याने येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. मरोदा हे नाव आज येथील वसाहतीला, रेल्वेच्या स्थानकाला आणि कारखान्याला पाणी पुरविणाऱ्या जलाशयाला आहे. धरणे आणि कारखाने ही नव्या भारताची तीर्थक्षेत्रे, ही पंडित नेहरूंची भावना भिलईइतकी क्वचितच कोठे साकार झाली असेल.

परंतु ज्यांच्या जमिनी या कारखान्याखाली गेल्या त्या छत्तीसगढी खेड्यांत त्या काळी एक वदंता पसरली होती. कारखाना उभा राहावा म्हणून नरबळी दिले जात आहेत, अशी ती वदंता. भिलईचा दीर्घकाळ अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी ती नोंदवून ठेवली आहे. बुद्धिवादी मनुष्य हिला अंधश्रद्धा म्हणेल, आणि शब्दशः पाहता ती अंधश्रद्धाच आहे. पण शब्दांमागचा अर्थ ऐकला तर त्यात सुरीनामचाच प्रश्न आहे: या पोलादाची किंमत कोण देतो? मरोद्यावरून जाणारा लोहमार्ग दल्ली राजहरा येथील खाणींकडे जातो. भट्ट्यांना लागणारे लोहखनिज तेथून येते. तेथील कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली संघटना उभारली आणि त्याच वर्षी त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात मेलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ १९८३ साली कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद रुग्णालय सुरू केले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची १९९१ साली भिलई येथे हत्या झाली. रुग्णालय मात्र टिकून राहिले.

‘कांदीद’च्या शेवटी सारी मंडळी एका लहानशा मळ्यात राहू लागतात. पँग्लॉस अजूनही सिद्धांत सांगतच असतो. कांदीद त्याचे ऐकून घेतो आणि मळ्यातल्या कामाची आठवण करून देतो. या शेवटाला कोणी निवृत्ती म्हटले आहे. पण जोतीरावांच्या नाटकाच्या शेवटी तो कुणबी आणि त्याची बायको शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेची वाट धरतात, हे पाहिले की मळ्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. उपहास भ्रम दूर करतो. त्याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षिता येत नाही. भ्रम गेल्यावर मोकळी झालेली जमीन कसावी लागते. कोणी तेथे शाळा काढतो, कोणी खोट्या निवाड्याविरुद्ध झगडतो, कोणी रुग्णालय बांधतो. सर्व काही ठीक आहे, हे वाक्य मग कोणाला म्हणावेसेच वाटत नाही. कारण जे ठीक नाही ते कोठे आहे, हे हातांना कळलेले असते.