गुंठाभर भोगी

पहाटे ५.३०
आत्या चूल पेटवते तेव्हा बाहेर अंधारच असतो. जानेवारीची १२ तारीख. उद्या भोगी. निफाडच्या थंडीचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो आणि पेपरात छापला जातो. आत्या त्यासाठी थांबत नाही. बादलीत बोट बुडवते. "आज जास्ती हाय." लांब द्राक्षबागांत शेकोट्यांचा धूर दिसतो. थंडीनं मण्यांना तडे जातात, म्हणून जाळ.

आत्याच्या परसात जाळ नाही, पाणी आहे. बोअरचं पाणी पहाटे कोमट येतं. मोटर सुरू करून ती नळी वाफ्यांत सोडते. एकूण जागा गुंठाभर, म्हणजे ३३ फूट लांब, ३३ रुंद. न्हाणीचं पाणी अळवाला, बोअरचं बाकी सगळ्याला.

सकाळी ६.४५
वालाच्या शेंड्यांवर मावा बसलाय. काळा, चिकट. आत्या चुलीतली राख फडक्यात बांधते आणि वेलावर झटकते. "दव हाय तोवर चिकटती. ऊन आलं की उडून जाती."

७.३०
मेथी २८ दिवसांची. मुळासकट उपटायची, मुळं मांडीवर आपटायची, माती झाडायची. ओली जुडी बांधली की आतून पिवळी पडते, म्हणून आधी पोत्यावर पसरायची. बांधायला केळीचं सोपट, रात्रीच भिजत घातलेलं. १४ जुड्या होतात. बोटं लाल होतात. मग वांगी, देठ राखून, काट्यांपासून हात जपत. पहिली परडी भरते ती चुलीपाशी नेऊन ठेवते. "ही घरची. हिला हात लावायचा नाही."

९.००
कांदालागवडीच्या बाया रस्त्यानं निघाल्यात. डोक्याला रुमाल, हातात डबे. "येत न्हाई का गं?" "आज माझ्याच घरचा रोज." रोज ३०० रुपयांचा. म्हणजे आज तेवढे बुडाले.

१०.१५
ओट्यावर गिऱ्हाईक येतं. भोगीच्या भाजीला वांगं, वाल, गाजर, वाटाणा, हरभरा, मूठभर तीळ लागतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आत्याकडे गाजर नाही. "आमची जमीन भारी, गाजर वाकडं होतं. बाजारातून घे." मेथी दहाला जुडी. १२ जातात. वांगी ४० रुपये किलोनं, दोन किलो. वालाच्या शेंगा एक किलो, ६० रुपये. उरलेल्या दोन जुड्या शेजारच्या आजीला. आजी पैसे देत नाही, ताकाचा तांब्या देते.

दुपारी १.००
भाकरी, ठेचा, ताक. मग खुरपं घेऊन रिकाम्या वाफ्यात. कोबी निघालाय. इथं भेंडी यायची आहे, पण आज नाही. गारठ्यात भेंडीचं बी उगवत नाही, मातीतच कुजतं. थंडी सरली की टाकायची. पाऊस लागला की कुंपणाच्या मांडवावर दोडका आणि कारलं. भेंडी टाकेपर्यंत शेणखत पसरून वाफा तापत ठेवायचा.

४.००
धणे फरशीवर पसरून ती चपलेनं रगडते. एका धण्याचे दोन भाग झाले पाहिजेत, दोन्ही उगवतात. "थंडीत कोथिंबीर निवांत वाढती. होळीनंतर टाकली की वीतभर व्हायच्या आधीच फुलावर."

संध्याकाळी ६.१५
एक बाई पळत येते. "काकू, अर्धा किलो वाल द्या. पाहुणे आलेत. ४० घ्या." भाव चांगला आहे. वेलावर शेंगाही आहेत, सगळ्यात टपोऱ्या, कुंपणाच्या कडेला. त्यांच्या देठाला लाल चिंधी बांधलेली.
"त्या बियाच्या."
"उद्या भोगी हाय, काकू."
"पुढच्या वर्षी पण हाय."
बाई हसत परत जाते. पण हातात चार वांगी घेऊन. आत्यानं ती फुकट दिली.

८.००
आत्या डाळीचा डबा उघडते. १२० मेथीचे, ८० वांग्याचे, ६० वालाचे. दोनशे साठ.
"रोजाला ४० कमी पडले," मी म्हणतो.
ती चुलीपाशी ठेवलेली परडी पुढ्यात ओढते. वांगी, शेंगा, वाटाणे, ओला हरभरा.
"आणि ही काय बाजारातून आली?"

शेंगा सोलायला ती मला बसवते. स्वतः निंबोळ्या कुटायला घेते. आषाढात झाडाखालून वेचून, वाळवून ठेवलेल्या. लिटरला ५० ग्रॅम. फडक्यात बांधून रात्रभर भिजत ठेवायच्या, उद्या ऊन उतरल्यावर ते पाणी फवारायचं. राखेनं सगळा मावा जात नाही.