जहाल, कडवे, अतिरेकी : कोणत्या मापाने?

सार्वजनिक जीवनात काही विशेषणे अशी असतात की ती एकदा उच्चारली म्हणजे पुढील युक्तिवादाची गरजच उरत नाही. जहाल, कट्टर, कडवा, अतिरेकी, धर्मांध, मूलतत्त्ववादी ही त्यांपैकी काही होत. ज्याला ती चिकटतात त्याचे मूळ म्हणणे काय होते, हे विचारण्याचे श्रम मग कोणी घेत नाही. मोठ्या शहरांत या शब्दांवर परिसंवाद झडतात. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत मात्र अशा शब्दांपायी माणसाची अब्रू, उपजीविका आणि प्रसंगी प्राणही पणाला लागले आहेत. म्हणूनच त्यांचे अर्थ तपासणे हे काम केवळ कोशकारांवर सोपवून चालणार नाही.

मराठी राजकारणाला या वर्गातील पहिली ठसठशीत जोडी लाभली ती जहाल आणि मवाळ यांची. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात दुफळी झाली. टिळक जहाल ठरले, गोखले मवाळ. वस्तुतः त्याच वर्षाच्या आरंभी कलकत्त्यातील भाषणात टिळकांनी या शब्दांची मर्यादा दाखवून दिली होती. हे शब्द काळाशी निगडित आहेत, आजचे जहाल उद्या मवाळ म्हणवले जातील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. इतिहासाने तो खरा केला. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तेव्हा मागणी होती साम्राज्यांतर्गत स्वराज्याची. १९२९ साली लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि त्या मापाने सुरतेचे जहाल मवाळच ठरले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले ते दूषण म्हणून. तेच आज आपण शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून भूषण म्हणून शिकवितो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. किंमतींचा निर्देशांक सांगताना आधारवर्ष सांगितले नाही, तर तो आकडा निरर्थक असतो. 'अतिरेकी' हा शब्दही असाच एक आकडा आहे. कोणत्या बिंदूपासून अतिरेक, तो बिंदू कोणी ठरविला आणि केव्हा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

धर्माच्या क्षेत्रात गुंता अधिक आहे. गांधीजी स्वतःला सनातनी हिंदू म्हणवीत; आणि १९३४ साली त्यांच्या अस्पृश्यताविरोधी दौऱ्याला ठिकठिकाणी काळी निशाणे दाखविणारेही स्वतःला सनातनीच म्हणवीत होते. शब्द एक, दावेदार दोन. 'मूलतत्त्ववादी' हा शब्द आपण इंग्रजीवरून घडविला. त्याचे मूळ अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथीयांत आहे. १९१० ते १९१५ या काळात तेथे धर्माची मूलतत्त्वे मांडणारी पुस्तिकामाला निघाली आणि १९२० च्या सुमारास तिच्या अनुयायांनी हे नाव अभिमानाने स्वीकारले. इराणमधील १९७९ च्या क्रांतीनंतर तो जगभर निंदाव्यंजक बनला. गंमत अशी की विचाराच्या मुळापर्यंत जाणाऱ्याला आपण 'मूलगामी' म्हणून गौरवितो, आणि मूळ तत्त्वाला धरून बसणाऱ्याला 'मूलतत्त्ववादी' म्हणून धिक्कारतो. दोन्ही शब्दांत मूळ तेच आहे. निवाडा तेवढा उलटा.

या गोंधळातून वाट काढावयाची तर तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. काही शब्द मताचे अंतर मोजतात, म्हणजे ते मत प्रचलित मतापासून किती दूर आहे एवढेच सांगतात. जहाल व अतिरेकी हे मुळात असे शब्द आहेत. काही शब्द मत बाळगण्याची रीत सांगतात; कट्टर, कडवा, धर्मांध म्हणजे ज्याला प्रतिवाद ऐकूच जात नाही तो. आणि काही शब्द साधन सांगतात. दहशतवादी म्हणजे जो भय निर्माण करून आपले म्हणणे लादतो तो. हा तिसरा शब्द तर मुळात सरकारी धोरणाचे वर्णन होता, कारण फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३-९४ साली दहशतीचा अवलंब केला तो सत्ताधाऱ्यांनीच.

हे तीन गुण एकाच माणसात असतातच असे नाही. आगरकरांची मते त्यांच्या काळाच्या मानाने इतकी दूरची होती की सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण त्यांचे सारे शस्त्र म्हणजे 'सुधारक' पत्रातील युक्तिवाद. उलट, गावातील सर्वांत प्रचलित मत उराशी बाळगणारा जमावही एखाद्याचे घर जाळू शकतो. त्याला कोणी अतिरेकी म्हणत नाही, कारण त्याचे मत मध्यावरचे असते. अंतर मोजणारा शब्द साधनासाठी वापरला की अशी फसगत होते. निरुपद्रवी एकटा माणूस संशयित ठरतो आणि हिंसक बहुसंख्य सुटतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 'नक्षलवादी' या शब्दाला स्वतःचा असा काही अर्थच नाही. नक्षलबारी हे दार्जिलिंग जिल्ह्यातील एक गाव. १९६७ साली तेथे शेतकऱ्यांचा उठाव झाला म्हणून त्याचे नाव चळवळीला मिळाले. पुढे त्या नावाने शस्त्र, संघटना, मागणी आणि भूप्रदेश या चारही गोष्टी ओळखल्या जाऊ लागल्या. 'पूरग्रस्त', 'दुष्काळग्रस्त' यांच्या जोडीला 'नक्षलग्रस्त' हा शब्द आला, आणि २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता व एकस्तर वेतनश्रेणी देऊ केली. शिक्षक व कारकून बंधूंना हे सांगावयास नकोच. शब्दाला पगारपत्रकात किंमत लागल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. प्रदेशाला लागलेला शब्द असा लाभ देतो. तोच माणसाला लागला की त्याचे सर्वस्व हिरावतो. तेंदूपत्त्याच्या दराची किंवा वनहक्काच्या पट्ट्याची मागणी करणाऱ्याला 'नक्षल समर्थक' म्हणणे सोपे असते, आणि मग मागणीला उत्तर देण्याची आवश्यकता राहत नाही.

तथापि, शब्दाने निवाडा करण्याचे पाप एकट्या शासनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात 'खबऱ्या' या एका शब्दावर नक्षलवाद्यांनी कित्येक गोरगरीब आदिवासींचे प्राण घेतले आहेत. तेथे ना आरोपपत्र, ना वकील, ना अपील. विशेषण हाच पुरावा आणि विशेषण हीच शिक्षा.

कायद्यानेही येथे सावध राहावयास हवे. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) या संघटनेवर केंद्र शासनाने २००९ साली दहशतवादी संघटना म्हणून बंदी घातली, ती तिच्या सशस्त्र कृत्यांमुळे. परंतु २०१५ साली केरळ उच्च न्यायालयाने असाही निर्वाळा दिला की माओवादी विचाराचे असणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही. तो विचार संविधानाशी जुळणारा नसला तरी केवळ त्यासाठी कोणाला अटकेत ठेवता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यात संयुक्त समितीच्या शिफारशीनुसार 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या' संघटना असा शब्दप्रयोग आला. कायदा सामान्य आंदोलकांविरुद्ध नाही, हे स्पष्ट व्हावे हा त्यामागील हेतू सांगण्यात आला, आणि शस्त्रधारी संघटनांचा शहरी आधार तोडण्याची निकडही पुढे केली गेली. ही निकड खोटी आहे असे नाही. पण 'कडवा' हे रीतीचे विशेषण आहे, आणि 'विचारसरणी' हे मनाचे. शासनाला दंड करावयाचा आहे तो कृतीला. मग कडवेपणा मोजण्याचे माप कोणाच्या हाती, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. उद्या तेच माप उजव्यांना किंवा आणखी कोणाला लावण्याचा मोह सत्ताधाऱ्याला होणारच नाही, याची हमी कोणी द्यावी?

माप आपल्याजवळ आहे. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले ती भंडाऱ्यातून. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्याचाच भाग होता. त्यापूर्वी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले होते की संविधानिक मार्ग खुले असताना रक्तरंजित क्रांतीचे मार्ग सोडलेच पाहिजेत. पुढे १९५६ मध्ये काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःखाचे आणि शोषणाचे निवारण हे साध्य दोघांनाही मान्य. भेद साधनांचा, असे त्यांचे म्हणणे होते. मतांचे अंतर त्यांना भेडसावीत नव्हते. त्यांची स्वतःची मते प्रचलित समाजापासून कमी का दूर होती? त्यांनी बोट ठेवले ते साधनावर.

हेच माप आपण आपल्या लहानशा क्षेत्रात वापरावयास काय हरकत आहे? शिक्षक विद्यार्थ्याच्या निबंधावर शेरा लिहितो, कारकून अर्जावर टिपणी लिहितो, विद्यार्थी सभेत विरोधकाला नाव ठेवतो. तेथे 'अमुक इसम अतिरेकी विचारांचा' असे न लिहिता त्याने अमुक दिवशी अमुक केले, एवढेच लिहावे. केले काय हे सांगता येत नसेल, तर ते विशेषण लेखणीतून उतरू देऊ नये. ज्या जिल्ह्याने अशा शब्दांची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली आहे, त्या जिल्ह्याने तरी ती विचारपूर्वक वापरली पाहिजेत.