डेकचा जुना रंग काढताना

मंडळी, थंडी संपली, ग्रिलवरचं कव्हर निघालं, आणि आता मागच्या डेककडे तुमचं लक्ष गेलं असेलच. आमचंही गेलं.

आमच्या डेकला आधीच्या मालकांनी चॉकलेटी, जाड सॉलिड स्टेन लावला होता. त्याचे पापुद्रे निघू लागले. जूनमध्ये आई-बाबा येणार, त्यांचा सकाळचा चहा तिथेच होणार, आणि धाकटी तिथेच रांगणार. "वरून एक हात मारा की," असं सगळ्यांनी सांगितलं. एका कोपऱ्यात तसं करूनही पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये नवा थर जुन्या पापुद्र्यांसकट हातात आला. खालचा थर सुटलेला असेल तर वरचा टिकणार कशावर?

पण रसायन विकत आणण्याआधी डेक कधी बांधला ते शोधा. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती डेकसाठीच्या प्रेशर ट्रीटेड लाकडात सर्रास सीसीए वापरत. त्यात क्रोमियम, तांबं आणि चक्क आर्सेनिक असतं. अशा लाकडावर डेक क्लीनर किंवा ब्राइटनर वापरले तर त्यातलं क्रोमियम अधिक विषारी रूपात बदलू शकतं, म्हणून ते टाळा असं ई.पी.ए. सांगते. सँडिंग आणि प्रेशर वॉशरही नको, आणि असं लाकूड शेकोटीत तर अजिबात जाळू नका. साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा, आणि लाकडात मुरणारा स्टेन दर एक-दोन वर्षांनी लावत राहा. आम्ही टाउनशिपच्या ऑफिसातून जुनं परमिट काढलं. त्यावर २००७ साल होतं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता काम. दुकानात डेक स्ट्रिपर मिळतो (नावावर हसू नका). बहुतेकांमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा असतो. त्यामुळे रबरी हातमोजे, चष्मा, जुने बूट हवेतच. पोरं आणि कुत्रं घरात ठेवा. आजूबाजूची झाडं आधी पाण्याने भिजवा आणि झाका. ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे ओतू नका, ते भांडं खातं. आधी एका फळीवर करून पाहा, मग ढगाळ दिवस किंवा सकाळ गाठून जाडसर थर लावा. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, पण वाळू द्यायचा नाही. वाळायला लागला तर पाण्याचा हलका फवारा मारा. मग ताठ ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. पातळ, ऑइल बेस्ड स्टेन पटकन सुटतो. सॉलिड ॲक्रिलिक हट्टी असतो, आम्हाला दोनदा करावं लागलं.

धुतल्यावर लाकूड काळपट दिसतं. घाबरू नका, अल्कलीने असं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडचा ब्राइटनर लावला की उरलेली अल्कली शमते आणि लाकडाचा रंग परत येतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री अशी चाळिशीजवळ उपयोगी पडली! ब्लीच मात्र यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आमची चूक इथे सांगतो. घाई झाली म्हणून भाड्याने प्रेशर वॉशर आणला आणि अरुंद नोझल लावून फळीच्या अगदी जवळ धरला. लाकडात बोटभर लांबीचे तीन चर पडले, वर तंतू उभे राहिले. त्यावर सध्या तुळशीची कुंडी आहे. वापरायचाच असेल तर १५०० पी.एस.आय.च्या आत, ४० अंशांचं नोझल, आणि फूटभर अंतर.

उरलेले डाग सँडरने काढा, पण आधी वर आलेले खिळे आणि स्क्रू खाली बसवा आणि मास्क लावा. ६० ते ८० नंबरचा कागद पुरे. त्याहून बारीक वापरला तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की नवा स्टेन मुरतच नाही. कठड्याच्या उभ्या दांड्या हे खरं डोकेदुखीचं काम. फळ्यांना दोन शनिवार लागले, दांड्यांना चार.

नव्या स्टेनआधी निदान ४८ तास कोरडं ऊन हवं. पाण्याचे थेंब टाकून पाहा; ते लाकडाने शोषले तर लाकूड तयार आहे. ऑइल बेस्ड स्टेन पुसलेल्या चिंध्या गोळा करून गराजमध्ये टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.