मांजराच्या पिल्लाला गुरांचं गोचिडाचं औषध लावू नका! पिसवा अशा काढा, वाळूत बसायची सवय अशी लावा

पारोळा (वार्ताहर) : कापूस घरात भरून ठेवायचा, भावाची वाट बघत बसायचं, आणि एके दिवशी सकाळी त्याच ढिगावर मांजराच्या पिल्लाने घाण केलेली दिसायची. आपल्या भागात हे बऱ्याच घरांत होतं. वरून पायाला पिसवा चावतात. मग घरातली म्हातारी माणसं म्हणतात, गोणीत घाला अन् नदीपलीकडे सोडून या. नाहीतर कोणीतरी कपाटातली औषधाची बाटली काढतो. या दुसऱ्या गोष्टीसाठीच ही बातमी लिहितोय, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीने खळ्यातून एक करडं पिल्लू आणलं. दीड महिन्याचं असेल. अंगावर पिसवाच पिसवा. बैलांच्या गोचिडासाठी आणलेलं औषध घरात होतं. अर्धं झाकण बादलीभर पाण्यात टाकलं आणि फडक्याने पिल्लाचं अंग पुसलं. पिसवा पटापट गळाल्या, मला वाटलं काम झालं. संध्याकाळी पिल्लू थरथर कापायला लागलं, तोंडातून लाळ, मग झटके. सकाळ काही त्याने पाहिली नाही. बाटलीवर औषध गुरांसाठी आहे असं स्पष्ट छापलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नंतर डॉक्टरांकडून कारण समजलं. गोचिडाच्या बऱ्याच औषधांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन असे घटक असतात. कुत्र्याच्या पिसवांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. ही सगळी एकाच घराण्यातली. गाय-बैल आणि कुत्रा यांचं शरीर ती पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरमध्ये ते काम करणारी यंत्रणाच कमजोर असते, म्हणून विष अंगात साठत जातं आणि थेट नसांवर जातं. त्यात मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे कातडीवर लावलेलं पोटातही जातं. पिल्लाचं वजन अर्धा किलो. बैलाच्या हिशोबाचं औषध त्याला कसं झेपणार?

तेव्हा गोचिडाचं औषध नाही, कुत्र्याचा पिसवांचा साबण किंवा पावडर नाही, कपाशीवर मारायची फवारणी तर नाहीच नाही. फिप्रोनिल नावाचं औषध मांजरांसाठीही मिळतं, पण ते मांजराचं वेगळं, मापात भरलेलं असतं, मानेवर थेंब टाकायचं. उसावर, मिरचीवर मारतो त्या बाटलीतलं ते नव्हे. घरगुती उपायांतही धोका आहे. फिनाईल, डांबरगोळी, कापूर, रॉकेल यातलं काहीही मांजराला चालत नाही. कडुनिंबाचं तेल आपण सगळ्या दुखण्यावर लावतो, पण पिल्लाच्या अंगाला तेही चोळू नका.

चुकून लागलंच असेल तर वेळ घालवू नका. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन अंग लगेच धुवा, कोरडं करा, उबेत ठेवा. उलटी करवायला जाऊ नका, दूध पाजू नका. बाटली सोबत घेऊन डॉक्टर गाठा. बाटलीवरचं नाव पाहिल्यावर डॉक्टरांना निम्मं काम सोपं जातं.

पिसवा काढायच्या कशा?

आधी पिसवाच आहेत का ते बघा. पांढरा कागद ओला करा, त्यावर पिल्लू उभं करून अंगावर हात फिरवा. काळे बारीक कण पडले आणि ओल्या कागदावर ते तांबूस पसरले, तर ती पिसवांची विष्ठा. ते पिल्लाचंच रक्त असतं. मग पिल्लाची हिरडी बघा. गुलाबी असली तर ठीक. पांढरी पडली असेल, पिल्लू सुस्त असेल, तर पिसवांनी रक्त कमी केलं आहे. लहान पिल्लू नुसत्या पिसवांनी मरू शकतं. अशा वेळी घरी प्रयोग नकोत, दवाखाना.

बाकी पिल्लांसाठी डोक्यातल्या उवा-लिखा काढायची बारीक फणी पुरते. कोमट पाण्यात साबण कालवून वाटी शेजारी ठेवा. मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवा, फणीत पिसू आली की वाटीत बुडवा. साध्या पाण्यात ती तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते. नखाने चिरडत बसू नका. मानेखाली, कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी जास्त सापडतात. रोज दहा मिनिटं, आठवडाभर.

पिसवा फारच असतील आणि पिल्लू महिन्याच्या वर असेल तर एकदा अंघोळ घाला. पाणी कोमट, साबण साधा, लहान बाळाचा असला तरी चालेल. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, मग अंग भिजवा. नाहीतर सगळ्या पिसवा पळत डोळ्या-कानाकडे जातात. डोक्यावर पाणी ओतू नका. दोन-चार मिनिटांत उरका, जुन्या धोतराने कोरडं करा आणि उन्हात किंवा चुलीपासून थोडं दूर उबेला ठेवा. महिन्याच्या आतलं पिल्लू भिजवूच नका. त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही, गारठ्याने जातं. त्याला ओल्या फडक्याने पुसायचं आणि फणी करायची.

आठ आठवड्यांच्या पुढे मानेवर टाकायचं मांजराचं औषध मिळतं. ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं.

आता खरी गोम. मांजराच्या अंगावरच्या पिसवा तुम्ही काढल्या, तरी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येतात. लोक म्हणतात औषध खोटं. औषध खोटं नसतं. पिसूची मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, दिवसाला वीस ते पन्नास. अंडी मांजराच्या अंगाला चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. सारवलेल्या जमिनीच्या भेगा, गोणपाट, गोधडी, खाटेखालची धूळ इथे त्यांच्या अळ्या वाढतात, अंधारात. मग कोष होतो, आणि कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. जवळ कोणी चाललं, जमीन हलली, ऊब लागली की बाहेर येते. म्हणूनच बंद पडलेल्या घरात पाऊल ठेवलं की पायाला पिसवा डसतात. म्हणजे मांजरावर दिसतात त्या थोड्या, घरात असतात त्या जास्त.

तेव्हा पिल्लू निजतं ते गोणपाट आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. घराचे कोपरे झाडा, केर बाहेर जाळा. भेगा लिंपून घ्या. आपल्याकडच्या वैशाखातल्या कोरड्या उन्हात अळ्या टिकत नाहीत, पावसाळ्यात दमट हवेत त्या माजतात. म्हणून आषाढ ते अश्विन जास्त लक्ष द्यायचं. रात्री दिव्याखाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं तर सकाळी त्यात पिसवा मेलेल्या दिसतात. घरात किती आहेत याचा अंदाज येतो. दारात कुत्रा असेल तर त्याचाही उपचार त्याच दिवशी करा, कारण मांजराची पिसू कुत्र्याच्या अंगावरही राहते.

पिल्लाच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. अंग चाटताना पिसू गिळली की हा जंत होतो. जंताचं औषध द्यावं लागतं.

पिसवा म्हटलं की जुन्या लोकांना प्लेग आठवतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरू लागले, पिसवा वाढल्या, मग गाठीच्या प्लेगचा संशय आला. पुढच्या महिन्यात सुरत. खान्देशातली किती माणसं सुरतला कामाला, ती गाठोडी घेऊन परत आली, तेव्हाची घबराट मला शाळकरी वयातली आठवते. पण प्लेग पसरवते ती मुख्यतः उंदराची पिसू, मांजराची नव्हे. उलट अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवलं आहे की ज्या गावांत घरोघरी मांजरं होती तिथे प्लेग कमी आढळला. दादर-बाजरीच्या कोठीजवळ मांजर लागतंच. तिला हाकलून उंदीर पाळण्यात फायदा नाही.

घाणीचं काय करायचं?

मांजर हा मुळात स्वच्छ प्राणी. भुसभुशीत जागा दिसली की उकरतं, बसतं, झाकून टाकतं. त्याला तुमचा कापूस, चुलीतली राख, कुटार आणि वाळू यातला फरक कळत नाही. सगळं भुसभुशीतच. आमच्या आईने मला सरळ सांगितलं होतं, ‘‘तुनी मांजर तू सांभाय, मना कापूसमा नको.’’ तिचं बरोबर होतं. कापसाच्या खोलीचं दार लावणं हा पहिला उपाय. दुसरा, त्याला त्याची जागा देणं.

पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापा, कडा ठोकून बोथट करा. किंवा फुटकं घमेलं घ्या. कड चार बोटांपेक्षा उंच नको, पिल्लाला चढता आलं पाहिजे. त्यात दोन-तीन बोटं कोरडी वाळू. बांधकामावर उरलेली चालते. आपली काळी माती भिजली की पायाला चिकटते आणि घरभर होते, म्हणून वाळूच बरी. नुसती राख नको, ओली झाली की पायाला झोंबते. शहरात मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी तयार वाळू लहान पिल्लांना देऊ नका, ती चाखून बघतात आणि पोटात गोळा होतो.

तीन आठवड्यांपर्यंत आई चाटून त्यांची शी-शू करवते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून शिकवायला घ्या. खाणं झालं की आणि झोपेतून उठलं की पिल्लू उचलून वाळूत ठेवायचं. कोपरा हुंगत गोल फिरायला लागलं की समजायचं वेळ झाली. पहिल्यांदा बाहेर केलं असेल तर त्यातलं थोडं उचलून वाळूत ठेवा, वास ओळखून ते तिथे येतं. सुरुवातीला एका खोलीतच ठेवा. डबा खाण्याच्या वाटीपासून लांब, कोपऱ्यात. पिल्लं तीन असतील तर डबे किमान दोन-तीन हवेत. आम्ही एकावर भागवायला गेलो, एक जण हटकून चपलांत बसायचं.

नाक घाणीत घासणं, चापट मारणं याने काही शिकत नाही. फक्त तुमच्यापासून लपून, खाटेखाली करायला लागतं. बाहेर झालेली जागा साबणाने धुवून उन्हं लागू द्या. फिनाईल टाकू नका, ते विषारी आहे हे वर आलंच.

सगळं करूनही जमत नसेल तर वाटीत काय घालता ते बघा. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, हगवण लागते, आणि हगवण लागलेलं पिल्लू डब्यापर्यंत पोचणार कसं? दूध बंद करून पाणी, उकडलेलं अंडं, कोंबडीचे बारीक तुकडे दिले की दोन दिवसांत फरक पडतो. माळकरी घरात अडचण होते हे मान्य, पण मांजराला मांसाहार लागतोच. उंदीर धरायला लागेपर्यंत तरी सोय बघावी लागते. आणि शक्यतो दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. वाळूचं निम्मं शिक्षण तीच देते.

डबा रोज साफ करा, वाळू आठवड्याला बदला. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत लागण करण्याजोगा होतो, म्हणून रोजचं रोज काढलं तर धोका घटतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. वाळू भाजीच्या वाफ्यात टाकू नका, खड्ड्यात पुरा.

फणी करताना पिल्लू चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद-चुना भरू नका. जनावरांच्या डॉक्टरांसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच, १९६२ या टोल फ्री नंबरवरही विचारता येतं. फोन करताना पिल्लाचं वय, अंदाजे वजन आणि अंगाला काय लावलं ते खरं सांगा.