उणे साठ टक्के

जून २०२४मध्ये भीमेवरच्या उजनी धरणाचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ जाऊन ठेपला. धरण बांधल्यापासूनचा हा नीचांक. २०१६च्या दुष्काळातही उजनी उण्यात खोलवर गेलं होतं, पण एवढं नाही. सोलापूर जिल्ह्यात धरणाचा आकडा रोज विचारला जातो. पावसाळ्यात ‘दौंडचा विसर्ग किती?’, म्हणजे वरून धरणात किती पाणी येतंय, आणि उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये किती?’ धरणातलं पाणी शून्याच्या खाली कसं जातं, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. म्हणजे या धरणात वापरायच्या पाण्यापेक्षा न वापरायचं पाणीच जास्त आहे. कालव्याच्या तोंडाच्या वर असलेलं पाणी उताराने आपोआप शेताकडे जातं. त्याखालचं जात नाही, म्हणून ते मृत. नदीसोबत वाहून येणारा गाळ वर्षानुवर्षं साठावा, यासाठीही ही जागा राखलेली असते. टक्केवारी मात्र उपयुक्त साठ्याची मोजतात. त्यामुळे उणे साठ याचा अर्थ असा, की ५३.५७चे साठ टक्के, म्हणजे सुमारे ३२ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर.

हे पाणी जातं कुठे? काही नदीत सोडलं जातं. ते पंढरपूर ओलांडून औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचलं, की सोलापूर शहराला प्यायला मिळतं. वाटेत बरंच मुरतं, उडून जातं, उपसलं जातं. जलाशय पसरट आणि उथळ असल्याने उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणीही बरंच असतं. आणि करमाळा, इंदापूरच्या बॅकवॉटरच्या काठावर पाणी मागे हटेल तशा मोटारी पुढे सरकतात. आधी पाइप वाढवतात, मग केबल, शेवटी चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. उभा ऊस डोळ्यांदेखत वाळताना कुणीही हेच करेल.

पण याच ठिकाणी खरी गोम आहे. पर्यावरणशास्त्रात याला ‘ओव्हरशूट’ म्हणतात: निसर्ग जेवढं भरून देतो, त्यापलीकडे वापर जाणं. हे केवळ हावेपोटी घडतं असा समज आहे, तो अपुरा आहे. ओव्हरशूट घडायला तीन गोष्टी लागतात: वाढता वापर, एक मर्यादा आणि ती ओलांडल्याचं उशिरा कळणं. गिझरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो, म्हणून आपण तो आणखी फिरवतो आणि मग अंग भाजतं. तिथे उशीर काही सेकंदांचा असतो. धरणाच्या बाबतीत तो वर्ष-दीड वर्षाचा असतो.

या उशिराचं एक उदाहरण पाहा. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने २९ रेनडिअर सोडले. खायला शेवाळासारखं दगडफूल मुबलक होतं, शिकारी प्राणी नव्हते. १९६३पर्यंत कळप ६,००० वर गेला. त्यानंतरच्या एका कडक हिवाळ्यात तो कोसळला आणि १९६६च्या मोजणीत ४२ जनावरं उरली. दगडफूल अत्यंत सावकाश वाढतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा साठा खाऊन संपेपर्यंत कळपाला टंचाई जाणवली नाही. साठा मोठा असला की इशारा उशिरा मिळतो. उजनीचा मृतसाठा राज्यातल्या मोठ्या मृतसाठ्यांपैकी आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

आता उसाकडे पाहू. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उसाला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी लागतं. ही तूट कालवा, नदी, विहीर आणि बोअर भरून काढतात. बेसॉल्टच्या कातळात पाणी धरायला जागा फार कमी. झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत जे मुरतं तेवढंच. बोअर खोल नेली म्हणून पाणी वाढत नाही, साठलेलं पाणी आधी संपतं, इतकंच.

त्यातही आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि तुटायला सोळा ते अठरा महिने घेतो. म्हणजे लावताना शेतकरी पुढच्या पावसाळ्याचंही पाणी गृहीत धरतो. तो पाऊस पडेल का, हे त्याला तेव्हा कळायचा मार्ग नसतो. २०२२मध्ये धरण भरलं होतं. २०२३मध्ये पाऊस कमी झाला आणि ते पुरतं भरलंच नाही. ऊस मात्र शेतात उभा होता. जून २०२४मध्ये दिसलेले ते उणे साठ टक्के प्रत्यक्षात त्याआधीच्या लागणींमध्ये ठरून गेले होते. मे महिन्यात मोटारीवर चिडून, उपशावर बंदी घालून ते परत फिरवता आलं नसतं.

उण्यात गेल्यावर पाण्याचा दर्जाही ढासळतो. पुण्याकडून मुळा-मुठा आणि भीमेतून येणाऱ्या सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस पाणी आटल्यावर अधिक दाट होतात. त्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवं पडतं, आणि तळाशी प्राणवायू उरत नाही. त्याच पाण्यावर सोलापूर शहर तहान भागवतं.

ऑगस्ट २०२४मध्ये उजनी पुन्हा शंभर टक्के भरलं. पाऊस दर वेळी असा मदतीला येईल, या भरवशावर नियोजन करू नये.

सध्या कालवा सल्लागार समिती १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर आवर्तनं, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या पाळ्या, ठरवते. तोवर आडसाली ऊस गुडघ्याएवढा झालेला असतो. माझं म्हणणं सरळ आहे: पुढच्या जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून उसाला किती आवर्तनं मिळतील, याचा किमान अंदाज समितीने लागणीआधी, मे-जूनमध्येच जाहीर करावा. आणि बागायतदारांनी, कारखान्यांनी उसाचं क्षेत्र भरल्या धरणाकडे पाहून नव्हे, तर २०२३सारख्या वर्षाच्या पाण्यावर ठरवावं.