गाडी नाक्यावरून परत फिरते तेव्हा

सीमाभागातला माणूस सकाळी डेअरीत दूध घालायला गेला की आधी विचारतो, "गाड्या सुरू आहेत काय?" त्या दिवसाचे सारे गणित या एका प्रश्नावर असते.

आंदोलन शहरात पेटते, झळ मात्र खेड्याला बसते. उचगाव-कडोलीकडची भाजी पहाटे बेळगावात पोचते. बाजारपेठ बंद झाली की मेथी-कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरच्या दवाखान्यात जातो. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण एसटी बंद झाली की वडापवाला मागेल तेवढे मोजावे लागते.

6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि आंतरराज्य एसटी सेवा थांबली. फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली, पुन्हा गाड्या हद्दीवरून माघारी फिरल्या.

हे आजचे नाही. जानेवारी 1956 मध्ये इथे गोळीबार झाला, त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. जून 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा माणसे पडली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देते. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हा जन्मलेली पोरे आज मतदार झाली आहेत.

निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर हक्काचे काय? जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे केंद्राने मान्य केलेले संरक्षण आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे घटनेचे कलम 350 अ सांगते. म्हणून मराठी परिपत्रकासाठी लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो; साऱ्या गावाच्या सह्यांचा अर्ज सहजी जात नाही.

गाडी परत फिरते त्या दिवशी कानडी बोलणारा शेजारीही त्याच थांब्यावर पिशवी घेऊन ताटकळत असतो. त्याच्याशी आपले वैर नाही. आपली तक्रार आहे ती मराठी माणसाला न कळणारा कागद त्याच्या हाती ठेवणाऱ्या कचेरीशी. ती तक्रार चिकाटीने, कागदावर मांडत राहिली पाहिजे.